एक वाटी इंद्रायणी

मावळात राहणाऱ्याला ‘भात सोडा’ म्हणणे सोपे, पाळणे अवघड. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला इंद्रायणी शिजायला लागला की वास शेजारच्या खोलीत जातो. आमच्यातल्या एका ताईंना शुगर निघाली. त्यांनी भात एकदम बंद केला. आठ दिवस निभावले. नवव्या रात्री सगळे झोपल्यावर पातेल्यातला गार भात उभ्या-उभ्या खाल्ला. धड चवही लागली नाही, वर अपराधी वाटले ते वेगळेच.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर तांदळाचा भात जेवून धापा टाकत तथागतांकडे येतो. तथागतांनी त्याला भात सोडायला सांगितले नाही. सावधपणे, मात्रा ओळखून जेवणाऱ्याची दुखणी कमी होतात, एवढेच सांगितले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा रोज जेवताना म्हणायला लावली. हळूहळू आहार नाळीभर भातावर आला, अंग हलके झाले. राजालाही आठवण करून देणारा माणूस लागला, मग आपल्याला लागला तर लाज कसली?

ताईंनी डॉक्टरांना विचारून एक वाटी ठरवली. अर्धे ताट भाजी-काकडीला, पाव ताट डाळ-उसळीला, उरलेल्या पावात भात किंवा भाकरी, दोन्ही नाही. टीव्ही बंद, सावकाश घास. पोट भरल्याचे कळायला वीसेक मिनिटे लागतात. ‘आजी, वाटी झाली’ हे सांगायचे काम नातीकडे. वाटी एकच असल्यामुळे आता वास, चव सगळे कळते, असे ताई म्हणतात. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र जेवण चुकवू नये. साखर एकदम उतरते.

गोडाचेही तसेच. गूळ म्हणजे साखरच, शुगरवाल्याला त्यात सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला वरून घातलेली साखर-गूळ दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, २५ वर आणता आली तर उत्तम. दोन-दोन चमच्यांचे चार चहा घेतले की ३०-४० ग्रॅम तिथेच संपतात.

वर्षावासात आम्ही अकरा जण लोकलने मळवलीला उतरून भाजे लेण्यांपर्यंत चालत गेलो. भिक्खूंचे दगडी ओटे पाहिले, खाली येऊन डबे सोडले. चिक्कीचे एकच पाकीट घेतले होते, प्रत्येकाला एक तुकडा. ताईंनी त्या दिवशी भात कमी घेतला होता. आपला तुकडा त्यांनी मळवलीच्या फलाटावर काढला आणि लोकल येईपर्यंत पुरवला.