श्रीखंड-आइस्क्रीमचे रिकामे डबे कशासाठी वापरावेत?

प्रश्न : घरात प्लॅस्टिकचे छोटे डबे साठत जातात. त्यांचा रोजच्या कामात उपयोग कसा करावा?

उत्तर : डब्याचा उपयोग त्याच्या प्लॅस्टिकवरून ठरतो. तळाशी त्रिकोणात आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. श्रीखंड-दह्याचे बरेच डबे याचेच असतात. १ म्हणजे पेट; ते सुमारे ७० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, म्हणून त्यात गरम आमटी ओतू नये. गरम आणि तेलकट पदार्थ मात्र कोणत्याच वापरलेल्या डब्यात नकोत, कारण उष्णता आणि तेल यांमुळे प्लॅस्टिकमधली द्रव्ये अन्नात उतरण्याचा संभव वाढतो. लोणच्याला काचेची किंवा चिनी मातीची बरणीच हवी.

कोरड्या वस्तूंना हे डबे उत्तम : जिरे, मोहरी, सुकामेवा. खोवलेला नारळ एका वापरापुरता भरून फ्रीझरमध्ये ठेवावा. डबा काठोकाठ भरू नये, कारण पाणी गोठताना फुगते. हळदीचा डाग साबणाने पुरता जात नाही, पण तिच्यातले कर्क्युमिन उन्हात विरते; धुतलेला डबा दिवसभर उन्हात ठेवला की डाग फिका पडतो.

स्वयंपाकघराबाहेर बटणे, सुया, खिळे, रांगोळीचे रंग यांची सोय होते. तळाला भोके पाडली की मिरची-टोमॅटोची रोपे तयार करता येतात. औषधाच्या गोळ्या मात्र मूळ वेष्टनातच ठेवाव्यात. त्यावरच मुदतीची तारीख असते.

चरे पडलेला, चिकट झालेला डबा अन्नासाठी बाद समजावा. चऱ्यांत जंतू टिकतात.