इंजिनाचा श्वास : थंड हवेची नळी निवडताना व बसवताना

मोटार पेट्रोलवर चालते असे आपण सहज म्हणून जातो. परंतु हे विधान अपुरे आहे. मोटार पेट्रोल आणि हवा या दोहोंवर चालते, आणि त्यांत हवेचा वाटा फार मोठा आहे. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते. या हिशेबाने एक लिटर पेट्रोल जाळण्यासाठी इंजिनाला जवळजवळ दहा हजार लिटर हवा ओढून घ्यावी लागते! ही हवा आपल्याला फुकट मिळते, म्हणून तिचा विचार कोणी करीत नाही इतकेच.

अलीकडे मात्र तरुण मंडळींत हा विचार वेगळ्याच वाटेने शिरला आहे. गाडीची मूळ हवापेटी काढून तेथे चकचकीत नळी आणि शंकूच्या आकाराची गाळणी बसवायची, तिला ‘कोल्ड एअर इनटेक’ म्हणायचे, आणि इंजिनाची ताकद वाढली असे मानायचे, अशी ही पद्धत आहे. यामागे शास्त्र आहे काय? असल्यास किती? आणि बसवायचीच झाली तर कशी बसवावी? या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करू. उदाहरणासाठी इंदूर शहर घेतले आहे. तेथील मे महिना, तेथील धूळ आणि तेथील पावसाळा या तिन्ही गोष्टी या विषयाच्या कसोटीस उतरतील अशा आहेत. शिवाय इंदूरजवळ पिथमपूर येथे ‘नॅट्रॅक्स’ ही वाहन-चाचणी संस्था असून तिची ११.३ किलोमीटर लांबीची अतिवेगवान धावपट्टी २०२१ साली खुली झाली. मोटारीविषयीचे दावे ऐकून न घेता मोजून पाहावेत, हा धडा त्या परिसराकडून घेण्यासारखा आहे.

शास्त्र काय सांगते?

दट्ट्या खाली येतो तेव्हा सिलिंडरमध्ये ठरावीक घनफळाची हवा येते. परंतु ज्वलनाला घनफळ उपयोगी पडत नाही, वजन उपयोगी पडते. हवा तापली की विरळ होते आणि तेवढ्याच घनफळात तिचे वजन कमी भरते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. डिसेंबरात २० अंश तपमान असताना तेथील एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१३ किलो भरेल. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की तेच वजन १.०५ किलोवर येईल. आणि ही हवा बॉनेटखाली तापून ६५ अंशांची झाली तर ०.९८ किलोच उरेल. म्हणजे बाहेरची हवा न घेता बॉनेटखालची हवा घेतली तर इंजिनाचे सुमारे सात टक्के खाद्य कमी होते. सोयीसाठी एवढे लक्षात ठेवावे, की तपमानाच्या दर ३ अंशांमागे घनता सुमारे १ टक्का बदलते.

याशिवाय तापलेल्या हवेने इंजिनात ‘नॉकिंग’ होण्याचा संभव वाढतो. तसे होऊ नये म्हणून आजच्या गाडीतील संगणक ठिणगी उशिरा पाडतो व त्यातही ताकद कमी होते. मालव्याच्या रात्री थंडाव्यासाठी प्रसिद्ध आहेत. उन्हाळ्यात दुपारी आळसावलेली गाडी रात्री चपळ वाटते, ती याच कारणाने.

इंजिनाला अधिक हवा द्यावी ही कल्पना इंदूरला नवी नाही. १९३० च्या दशकात महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी अमेरिकेतील ड्युसेनबर्ग ‘एस.जे.’ गाडीवर इंग्लंडच्या गर्नी नटिंग या कारखान्याने सांगाडा चढवला होता. त्या इंजिनाला सुपरचार्जर होता, म्हणजे हवा दाबून भरण्याचा पंखा होता. उलट उदाहरण हवे असल्यास विद्यार्थ्यांच्या ‘फॉर्म्युला स्टुडंट’ शर्यतींचे नियम पाहावेत. तेथे पेट्रोल इंजिनाची सर्व हवा २० मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातूनच गेली पाहिजे असे बंधन असते. श्वास आवळला की ताकद आवळली जाते, हे नियम करणाऱ्यांना पक्के ठाऊक आहे.

मग फायदा किती?

येथवरचे वाचून नळी विकत घेण्यास धावू नये. आजच्या बहुतेक गाड्यांत कारखान्याने हवेचे तोंड मुळातच पुढच्या जाळीमागे किंवा मडगार्डच्या आत ठेवलेले असते. म्हणजे गाडीला थंड हवा आधीच मिळत असते! तेव्हा आपल्या गाडीत नुकसान होत आहे की नाही, हे आधी मोजले पाहिजे. त्यासाठी दोन साधी मोजमापे पुरेशी आहेत.

पहिले मोजमाप तपमानाचे. संगणकाच्या सॉकेटला जोडण्याचा छोटा स्कॅनर मिळतो. त्यावर आत जाणाऱ्या हवेचे तपमान दिसते. गाडी रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने दहा मिनिटे चालवून तो आकडा बाहेरच्या तपमानाशी ताडून पाहावा. सिग्नलवर उभ्या गाडीचा आकडा घेऊ नये. तो नेहमीच फुगलेला असतो. फरक ६ अंश असेल तर नुकसान सुमारे दोन टक्के समजावे.

दुसरे मोजमाप अडथळ्याचे. गाळणी व नळी यांमुळे दाब किती पडतो हे पाहण्यासाठी पारदर्शक नळीचा इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा दाबमापक करावा. त्याच्या बाजू किमान एक मीटर उंच असाव्यात व त्यात थोडेच रंगीत पाणी घालावे. त्याचे एक टोक गाळणीच्या पुढे पण थ्रॉटलच्या अलीकडे, तीन तोंडांच्या जोडाने जोडावे. थ्रॉटलच्या पलीकडे ते कधीही जोडू नये. तेथील ओढ इतकी जबर असते की सगळे पाणी इंजिनात खेचले जाईल. आता मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन पाण्याच्या पातळीतील फरक शेजारी बसलेल्या मित्राने वाचावा. चालवणाऱ्याने रस्त्यावरच नजर ठेवावी. इंदूरला हवेचा दाब पाण्याच्या सुमारे ९,७०० मिलिमीटर उंचीइतका असतो. फरक १५० मिलिमीटर आला, तर अडथळ्याचे नुकसान दीड टक्का झाले.

या दोन टक्केवारींची बेरीज ही फायद्याची कमाल मर्यादा होय. वरच्या उदाहरणात ती साडेतीन टक्के आली. ८० अश्वशक्तीच्या इंजिनाला सगळे जमून आले तरी तीनहून कमी अश्वशक्ती वाढेल, तीही पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला असतानाच. शहरात अर्धवट अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी चालते तेव्हा हवा आपणच थ्रॉटलने अडवलेली असते. तेथे ताकदही वाढत नाही आणि पेट्रोलही वाचत नाही. वाऱ्याच्या माऱ्याने हवा आत कोंबली जाते असेही सांगतात. ताशी १०० किलोमीटर वेगाला हा मारा पाण्याच्या सुमारे ४० मिलिमीटरइतका, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो. आवाज मात्र नक्की वाढतो, कारण आवाज दाबणारी मूळ पेटी निघून गेलेली असते. वाढलेल्या आवाजालाच पुष्कळांचे कान ताकद समजतात.

निवड कशी करावी?

मोजमापाअंती फायदा दिसलाच, तर पुढील गोष्टी पारखाव्यात.

पहिली गोष्ट गाळणीची. गाडीने १०,००० किलोमीटर प्रवासात लिटरला १५ किलोमीटर दिले, तर इंजिन सुमारे ७,००० घनमीटर हवा ओढते. समजा, दर घनमीटर हवेत एक मिलिग्रॅम धूळ आहे. म्हणजे गाळणीपर्यंत ७ ग्रॅम धूळ आली. ९९ टक्के धूळ अडवणारी गाळणी ०.०७ ग्रॅम आत सोडील. ९७ टक्के अडवणारी ०.२१ ग्रॅम सोडील. ऐकताना दोन टक्क्यांचा फरक, पण इंजिनात जाणारी धूळ तिप्पट! या धुळीत वाळूचे कठीण कण असतात व ते सिलिंडरच्या भिंती घासून काढतात. माळव्यात लू सुटते तेव्हा ही गोष्ट विसरून चालणार नाही. म्हणून ‘आयएसओ ५०११’ या मानकानुसार चाचणी झाल्याचे आकडे विक्रेत्याकडे मागावेत. तो आकडे देऊ शकत नसेल तर माल घेऊ नये.

दुसरी गोष्ट जागेची. शंकूगाळणी बॉनेटखाली उघडी राहत असेल तर ती थंड हवेची नळी नसून गरम हवेची नळी होय. तिच्याभोवती उष्णतारोधक भिंत हवी आणि बाहेरून हवा येण्याचा स्वतंत्र मार्ग हवा.

तिसरी गोष्ट हवामापक तारेची. पुष्कळ गाड्यांत तापलेली बारीक तार हवेचे वजन मोजते. तिच्याजवळ नळीचा व्यास मूळ व्यासाइतकाच असला पाहिजे. व्यास वाढला की तारेवरून हवा संथ वाहते, संगणकाला हवा कमी वाटते, तो पेट्रोल कमी देतो आणि इंजिन तापते. तेल लावलेल्या सुती गाळणीला तेल जास्त झाले तर ते याच तारेवर बसून मोजमाप बिघडवते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट उंचीची. काही नळ्यांचे तोंड बंपरच्या खालच्या भागात येते. तेथे हवा थंड असते हे खरे. पण पावसाळ्यात तेथेच पाणी असते. १२०० सी.सी.च्या चार सिलिंडरी इंजिनात एका सिलिंडरचे घनफळ ३०० सी.सी. असते. संकोचनाचे प्रमाण १० असेल तर दट्ट्या वर गेल्यावर उरणारी जागा केवळ ३३ सी.सी. असते. पाणी दाबले जात नाही. म्हणून एका सिलिंडरमध्ये जेमतेम दोन मोठे चमचे पाण्याहून अधिक पाणी गेले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होते. ऑगस्ट २०२० मधील अतिवृष्टीने इंदूरचे रस्ते तुंबले होते. अशा दिवशी खालच्या तोंडाची नळी म्हणजे इंजिनाचा मृत्यूच. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये, ढकलून बाहेर काढावी. इंजिनात पाणी शिरल्याची भरपाई साध्या विम्यात बहुधा मिळत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

बसवण्याची रीत

१. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार सोडावी.

२. काढण्यापूर्वी सर्व नळ्या व प्लगांचे छायाचित्र घ्यावे. काढलेला प्रत्येक बोल्ट आणि मूळ पेटी जपून ठेवावी.

३. पेटी निघाल्यावर थ्रॉटलच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे, म्हणजे आत काही पडणार नाही. जोडणीपूर्वी ते आठवणीने काढावे.

४. हवामापक काढताना तारेला बोट लावू नये. बसवताना त्यावरील बाणाची दिशा इंजिनाकडे असावी.

५. क्रँककेसची श्वासनळी नव्या नळीला जोडावी. ती उघडी राहिली तर न गाळलेली हवा आत जाते.

६. सर्व जोड आधी सैल ठेवून नळी पट्टा, बॅटरी किंवा बॉनेट यांना घासत नाही ना हे पाहावे. इंजिन आपल्या रबरांवर हलत असते. म्हणून चोहोकडे बोटभर अंतर राखावे. मग क्लिपा आवळाव्यात.

७. बॅटरी जोडून इंजिन सुरू करावे. कोठे फुसफुस ऐकू येते काय ते पाहावे. स्कॅनरवर इंधनाची दुरुस्ती दहा टक्क्यांच्या आत आहे याची खात्री करावी. इंजिनाचा दिवा पेटला तर मूळ पेटी परत बसवावी.

८. पन्नास किलोमीटरनंतर सर्व क्लिपा पुन्हा तपासाव्यात आणि वरची दोन्ही मोजमापे पुन्हा घ्यावीत. आकडे सुधारले नसतील तर आपण केवळ आवाज विकत घेतला असे समजावे.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लागू केले. धूर आणि आवाज यांच्या मर्यादा तर प्रत्येक गाडीला पाळाव्याच लागतात.

बेळगाव, सोलापूर किंवा विजापूरच्या वाचकांनी वरील हिशेबात आपल्या गावची उंची, उन्हाळा आणि पाऊस घालून पाहावा. बेळगावसारख्या पावसाच्या गावी चौथा मुद्दा पहिल्या क्रमांकावर येईल, तर सोलापुरात धुळीचा. पुष्कळांना असे आढळेल की मूळ पेटी तशीच ठेवून तिच्यात वेळेवर नवी गाळणी घालणे आणि पेटीच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा काढणे, हाच सर्वांत स्वस्त व सर्वांत खात्रीचा उपाय आहे. ज्यांना फायदा आढळेल त्यांनी खुशाल नळी बसवावी. परंतु पैसे मोजण्याआधी तपमान व दाब मोजावेत. शास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याने एवढे तरी केलेच पाहिजे.