शोध आणि प्रसार : तंत्रज्ञानाच्या इतिहासातील अनपेक्षित वास्तव

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना दूरध्वनीचे पेटंट १८७६ मध्ये मिळाले, हे बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक असते. परंतु फॅक्सचे मूळ पेटंट त्याच्याही ३३ वर्षे आधी, १८४३ मध्ये, अलेक्झांडर बेन या स्कॉटिश तंत्रज्ञाने मिळविले होते, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. १८६५ मध्ये पॅरिस व ल्योन या फ्रेंच शहरांदरम्यान जिओव्हानी कासेली यांच्या यंत्राच्या साहाय्याने हस्ताक्षर व रेखाचित्रे तारेवरून पाठविण्याची सार्वजनिक सेवाही सुरू झाली होती. असे असूनही फॅक्स जगभरातील कार्यालयांत रूढ झाला तो १९८० च्या दशकात. सर्वदूर पसरलेले दूरध्वनीचे जाळे, स्वस्त इलेक्ट्रॉनिक घटक आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना परस्परांशी जोडणारे १९८० चे आंतरराष्ट्रीय मानक या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यानंतरच ते शक्य झाले.

तंत्रज्ञानाचा इतिहास हा शोधांच्या सनावळीपुरता मर्यादित नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. शोध लागणे आणि समाजाला त्याचा लाभ मिळणे यांत अनेकदा दीर्घ काळ लोटतो. हा काळ कशामुळे लांबतो आणि कशामुळे कमी होतो, हा विकासाच्या अर्थशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

तंत्रज्ञानाचे तीन टप्पे

जोसेफ शुंपीटर यांच्या विचारांच्या आधारे तांत्रिक बदलाचे तीन टप्पे मानले जातात. नवी कल्पना प्रत्यक्ष सिद्ध होणे म्हणजे शोध. ती प्रथमच व्यापारी वापरात आणणे म्हणजे नवप्रवर्तन. अनेक उत्पादकांनी व ग्राहकांनी ती स्वीकारणे म्हणजे प्रसार. उत्पादकतेत जाणवण्याजोगी वाढ होते ती प्रामुख्याने तिसऱ्या टप्प्यात.

प्रसाराची गती एकसारखी नसते. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याच्या स्वीकाराचा अभ्यास ब्राइस रायन व नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केला. प्रारंभी मोजकेच शेतकरी नवे बियाणे घेतात, त्यानंतर स्वीकाराचा वेग झपाट्याने वाढतो आणि अखेरीस तो मंदावतो, असे त्यातून दिसून आले. पुढे १९५७ मध्ये झ्वी ग्रिलिकेस यांनी दाखवून दिले की, निरनिराळ्या राज्यांतील प्रसाराच्या वेगात जो फरक होता, त्यामागे बियाण्यापासून मिळणाऱ्या आर्थिक लाभातील फरक मोठ्या प्रमाणावर कारणीभूत होता. शेतकरी परंपरावादी असल्यामुळे नवे तंत्र नाकारतो, या प्रचलित समजुतीला त्यामुळे धक्का बसला.

वीज आली, उत्पादकता मात्र थांबली

मायकेल फॅरेडे यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध १८३१ मध्ये लावला. १८८२ मध्ये लंडन व न्यूयॉर्क येथे एडिसन यांची वीजकेंद्रे सुरू झाली. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी कारखान्यांतील यंत्रे चालविण्यासाठी लागणाऱ्या शक्तीत विद्युत मोटारींचा वाटा पाच टक्क्यांहून कमी होता. तो निम्म्यावर जाण्यासाठी १९२० च्या सुमाराचा काळ उजाडावा लागला.

या विलंबाचे कारण अर्थेतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात विशद केले. वाफेच्या युगात कारखान्यात एकच मोठे इंजिन असे. त्याची गती छताखालून जाणाऱ्या लांब लोखंडी दांड्यांमार्फत आणि पट्ट्यांमार्फत प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचविली जाई. दांड्यांची लांबी मर्यादित राहावी म्हणून इमारती बहुमजली असत आणि यंत्रांची जागा कामाच्या क्रमावर नव्हे, तर दांड्याच्या सोयीवर ठरत असे. प्रारंभी अनेक कारखानदारांनी इंजिनाच्या जागी मोठी विद्युत मोटार बसविली आणि उर्वरित रचना तशीच ठेवली. साहजिकच लाभ मर्यादित राहिला.

प्रत्येक यंत्राला स्वतंत्र लहान मोटार बसविण्यात आली, तेव्हा दांडे व पट्टे अनावश्यक ठरले. कामाच्या क्रमानुसार यंत्रांची मांडणी असलेले, प्रशस्त व एकमजली कारखाने उभे राहिले. यासाठी नव्या इमारती, नवे कौशल्य आणि नवी व्यवस्थापन पद्धती यांची आवश्यकता होती. यालाच अर्थशास्त्रात पूरक गुंतवणूक म्हटले जाते. संगणकांच्या बाबतीतही असाच अनुभव आला. संगणक सर्वत्र दिसत असूनही उत्पादकतेच्या आकडेवारीत त्यांचा प्रभाव आढळत नाही, याकडे रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये लक्ष वेधले होते. अमेरिकेतील उत्पादकतावाढीला वेग आला तो १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात.

साध्या पेटीने घडविलेला बदल

मोठा आर्थिक परिणाम घडविणारे तंत्रज्ञान गुंतागुंतीचेच असते, असेही नाही. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतील नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. मालाची पेटी ट्रकवरून थेट जहाजावर चढविणे, एवढीच ही कल्पना होती. परंतु पेट्यांचे आकार समान नसतील, तर एका देशातील पेटी दुसऱ्या देशाच्या जहाजावर वा रेल्वेवर बसणार नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आंतरराष्ट्रीय मानके निश्चित होऊ लागली, तेव्हाच या पद्धतीचा जगभर विस्तार होऊ शकला.

भारतात १९८८ मध्ये कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि १९८९ मध्ये न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. या बदलाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. मालाची चढउतार हाताने करणाऱ्या गोदी कामगारांची गरज जगभर घटली आणि लंडनसारख्या शहरांतील जुन्या गोद्या बंद पडल्या. तंत्रज्ञानाचा लाभ व त्याची किंमत एकाच गटाच्या वाट्याला येते, असे गृहीत धरता येत नाही.

भारताचा अनुभव : गहू आणि मोबाइल

पूरक व्यवस्था वेळेवर उभ्या राहिल्यास प्रसार किती जलद होऊ शकतो, याचे उदाहरण म्हणजे भारतातील हरितक्रांती. बुटक्या गव्हाचा मूळ गुण जपानमध्ये १९३५ मध्ये प्रसारित झालेल्या ‘नोरिन १०’ या वाणातून आला. तो अमेरिकामार्गे मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्यापर्यंत पोहोचला. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून सुमारे १८,००० टन बियाणे आयात केले. १९६४-६५ मध्ये सुमारे १ कोटी २३ लाख टन असलेले गव्हाचे उत्पादन १९७०-७१ मध्ये सुमारे २ कोटी ३८ लाख टनांवर गेले.

हे यश केवळ बियाण्याचे नव्हते. डॉ. एम. एस. स्वामिनाथन व अन्य शास्त्रज्ञांनी ही वाणे भारतीय परिस्थितीला अनुकूल केली. सी. सुब्रमण्यम कृषिमंत्री असताना १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग (आजचा कृषी खर्च व मूल्य आयोग) अस्तित्वात आले. त्यामुळे वाढीव पिकाला खरेदीदार व किमान भावाची हमी मिळाली. सिंचन व खते उपलब्ध असलेल्या पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेशात लाभ प्रथम पोहोचला. कोरडवाहू प्रदेश मागे राहिले, कारण तेथे बियाण्याला पूरक असे पाणी नव्हते.

मोबाइल दूरध्वनीच्या बाबतीत पूरक घटकाची भूमिका नियमांनी बजावली. भारतातील पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता व दिल्ली यांदरम्यान झाला. मार्च १९९९ अखेर मोबाइल ग्राहक सुमारे १२ लाखच होते. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरील निश्चित परवाना शुल्काऐवजी महसुलातील वाट्याची पद्धत आणली. २००३ मध्ये येणाऱ्या कॉलसाठी पैसे मोजण्याची गरज उरली नाही. स्पर्धा वाढली आणि हँडसेटच्या किमतीही उतरल्या. मार्च २०१० अखेर ग्राहकसंख्या ५८ कोटींहून अधिक झाली. ज्या कोट्यवधी कुटुंबांच्या घरी दूरध्वनीची तार कधीच पोहोचली नव्हती, त्यांनी तो टप्पा वगळून थेट मोबाइल स्वीकारला. उशिरा विकास साधणाऱ्या देशांना मिळणारा हा एक लाभ होय.

धोरणासाठी निष्कर्ष

विकसनशील देशाला यंत्र आयात करता येते. ते उपयुक्त ठरविणारी व्यवस्था मात्र आयात करता येत नाही. ती देशातच घडवावी लागते. म्हणूनच एखाद्या तांत्रिक कार्यक्रमाचे मूल्यमापन करताना किती उपकरणे पुरविली, एवढेच पाहणे पुरेसे नाही. प्रशिक्षण, मानके, पतपुरवठा, बाजारपेठ आणि कामाची पुनर्रचना यांवर किती प्रयत्न झाले, हेही पाहिले पाहिजे. त्याचबरोबर ज्यांचा रोजगार जातो आणि ज्यांच्यापर्यंत पूरक साधने पोहोचत नाहीत, त्यांच्यासाठी तरतूद करणे हे विकासाच्या नियोजनाचे अविभाज्य अंग ठरते.

परीक्षार्थींनी पुढील प्रश्नांच्या आधारे या विषयाची उजळणी करावी :

१. शोध, नवप्रवर्तन व प्रसार या संकल्पनांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. विद्युतीकरणानंतरही कारखान्यांची उत्पादकता त्वरित का वाढली नाही?
३. हरितक्रांतीच्या यशात बियाण्याव्यतिरिक्त कोणत्या घटकांचा वाटा होता? तिच्या मर्यादांची चर्चा करा.
४. ‘तंत्रज्ञानाच्या प्रसारात नियम व मानके निर्णायक ठरतात.’ कंटेनर व मोबाइल यांच्या संदर्भात या विधानाचे परीक्षण करा.