भाडेकरूंसह इमारत घेण्यापूर्वी

गांधीबागच्या कापड बाजारात चार पैसे गाठीला जमले की व्यापारी किंवा कारागीर पहिली गुंतवणूक म्हणून जुनी दुमजली इमारत पाहू लागतो. खाली दोन दुकाने, वर दोन बिऱ्हाडे. दरमहा भाडे येत राहील, हा विचार. सौद्याआधी तो आकड्यांत मांडावा.

भाड्याचा हिशेब : समजा, किंमत ६० लाख रुपये. दुकानांचे जुने भाडे प्रत्येकी ८०० आणि बिऱ्हाडांचे ४०० रुपये. वर्षाचे २८,८०० झाले, म्हणजे शेकडा अर्धा रुपयाही नाही. त्यातूनच मालमत्ता कर व दुरुस्ती भागवायची.

भाडे वाढवता येईल का? विदर्भात पूर्वी १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेश होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. त्यानुसार वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते. ८०० चे ८३२ होतात. मालक बदलला तरी भाडेकरूचा हक्क कायम राहतो. स्वतःसाठी जागा हवी असल्यास ती गरज खरी असल्याचे कोर्टात सिद्ध करावे लागते. म्हणून ‘खाली करून देतो’ अशा तोंडी शब्दावर इसार देऊ नये.

मालकीचे कागद : नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका काढावी. जमीन नझूलची असल्यास लीजची मुदत व नूतनीकरण तपासावे. दुय्यम निबंधकाकडे ३० वर्षांचा शोध घ्यावा. विक्रेता मुस्लिम कुटुंबातला असेल तर वडिलांच्या मृत्यूबरोबरच मुलींसह सर्व वारसांचे हिस्से ठरतात. एकट्या भावाची सही पुरत नाही. तोंडी हिबा आपल्या कायद्यात चालतो, पण ताबा प्रत्यक्ष दिला गेला होता काय, याचा पुरावा मागावा.

भाडेकरार : नवा भाडेकरू ठेवताना करार लेखी व नोंदणीकृत करावा. ही जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल, तर वादात उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते.

तात्पर्य, किंमत आज हाती येणाऱ्या भाड्यावरून ठरवावी, पुढच्या आशेवरून नव्हे. एक तरी दुकान मोकळे मिळत असेल आणि तेथे आपलाच धंदा बसत असेल, तर जास्त किंमतही परवडू शकते.