चमत्कारकथा वाचावी कशी?

या अंकासाठीं आलेल्या लिखाणांत इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्याची गोष्ट होती. नायक आजारी पडतो. रात्रीं त्याच्या खोलींत देवदूत व सैतान यांचें युद्ध होतें. सकाळीं तो औषधाची बाटली मुळा-मुठेंत भिरकावून देतो आणि खडखडीत बरा होतो. भाषा चांगली, नदीचें वर्णन तर मांजरीच्या पुलावर उभें राहून लिहिल्यासारखें. तरीही ती गोष्ट मीं परत केली. मुलाला बोलावून विचारलें तेव्हां कळलें, कीं त्याच्या आजीस मधुमेह आहे, पायाला जखम आहे, आणि कोठल्याशा प्रार्थनासभेंत कांहीं ऐकून तिनें गोळ्या बंद केल्या आहेत. "गुरुजी, गोष्टींत तरी ती बरी व्हावी असं वाटलं," असें तो खालीं पाहून म्हणाला.

त्याला त्या दिवशीं जें तुटक तुटक सांगितलें, तें येथें जरा विस्तारानें मांडतों. पालकांनींही तें वाचावें अशी विनंती आहे.

चमत्काराच्या कथा आपल्या भाषेला नव्या नाहींत. फादर थॉमस स्टीफन्स 1579 सालीं गोव्यास आले व सासष्टींत राहून त्यांनीं मराठी आत्मसात केली. रविवारीं धर्मशिक्षण चाललें असतां एका ब्राह्मणानें त्यांना विनविलें, कीं आमचीं जुनीं पुराणें सुटलीं, तर त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत दुसरें पुराण द्यावें. असें ग्रंथाच्या आरंभींच सांगितलें आहे. त्या विनंतींतून सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' निर्माण झालें व 1616 सालीं तें रोमन लिपींत छापलें गेलें. देवनागरी लिपींत तें शांताराम बंडेलू यांनीं 1956 सालीं पुण्याहून प्रसिद्ध केलें. त्यांत गर्विष्ठ देवदूतांचें पतन आहे, तसेंच काना गांवचें लग्नही आहे. लग्नांत द्राक्षारस संपतो तेव्हां ख्रिस्त प्रथम काय करावयास सांगतो? दगडाचे सहा रांजण पाण्यानें भरा. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणें चाकरांनीं ते कांठोकांठ भरले. आपल्याकडे उन्हाळ्यांत ज्यांनीं टँकरच्या रांगेंत हंडे भरले आहेत, त्यांना त्या चाकरांची पाठ किती दुखली असेल हें सांगावयास नको. चमत्कार झाला, पण पाणी माणसांनीं वाहिलें.

दुसरा ग्रंथ रूपकाचा. जॉन बन्यन या इंग्रज लेखकाच्या 1678 सालच्या प्रसिद्ध पुस्तकाचें मराठी भाषांतर हरि केशवजी यांनीं 'यात्रिकक्रमण' या नांवानें 1841 सालीं केलें. म्हणजे बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'च्याही सोळा वर्षें आधीं. त्यांतील यात्रेकरूस दरींत एक राक्षस अडवितो. अंगावर माशासारखे खवले, पंख अजगरी, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचें! यात्रेकरू भितो, मागें पळावें असें त्याच्या मनांत येतें. पण आपल्या चिलखताला पाठीकडची बाजूच नाहीं हें त्याला आठवतें, आणि म्हणून तो उभा राहतो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत पौलानें जी शस्त्रसामग्री सांगितली आहे, तीवरून हें चिलखत घडविलें आहे. त्याच अध्यायांत हेंही स्पष्ट आहे, कीं हें युद्ध रक्तामांसाच्या माणसांशीं नव्हे. अलीकडे, 1986 सालीं, फ्रँक पेरेटी या अमेरिकन लेखकानें एका लहान गांवावर देवदूत व दुरात्मे यांची लढाई रंगविणारी कादंबरी लिहिली व ती फार खपली. असलीं पुस्तकें मुलें एका बैठकींत वाचतात, मीही वाचलें. मात्र तें मिटल्यावर शेजारच्या माणसाच्या खांद्यावर दुरात्मा दिसूं लागला, तर वाचण्यांत चूक झाली असें समजावें. बन्यनचा राक्षस कोणाच्या शेजारीं राहत नाहीं. तो ज्याच्या त्याच्या मनांतल्या दरींत असतो.

आतां पुराणही नव्हे व रूपकही नव्हे, अशी तिसरी जात: साक्ष. मांजरीवरून दौंडकडे जाणारी गाडी पुढें केडगांवास थांबते. तेथें पंडिता रमाबाईंचें मुक्ति सदन आहे. 1905 सालच्या जून महिन्याच्या अखेरीस तेथील मुलींत प्रार्थनेची मोठी लाट आली. त्या काळच्या वृत्तांतांत असें आहे, कीं एका मुलीच्या अंगावर अग्नि उतरलेला दुसरीला दिसला, व ती धांवत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. ओतणार तोंच तिला उमगलें कीं ही जळत नाहीं. तो अग्नि कसला होता याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाहीं. पण ती बादली मला फार मोलाची वाटते. चमत्कार रचून सांगणाऱ्याला बादली सुचत नाहीं. आणि हेंही ध्यानांत ठेवावें, कीं 1896-97 च्या दुष्काळांत रमाबाई आकाशाकडे पाहत बसल्या नाहींत. मध्यप्रांतांत स्वतः जाऊन त्यांनीं उपाशी मुली आपल्या आश्रयास आणिल्या.

शुभवर्तमानांतही असेंच आहे. याईराची मुलगी उठते, तेव्हां ख्रिस्त सांगतो, कीं हिला कांहीं खावयास द्या. उलट मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असा आग्रह धरणारा सैतान आहे, व ख्रिस्त त्यास नकार देतो. औषध फेंकून देणारा नायक या दोहोंपैकीं कोणाचें ऐकतो, असें मीं त्या मुलास विचारलें. तो बराच वेळ बोलला नाहीं.

(2013 सालच्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानें साप, विंचू वा कुत्रा चावलेल्यास औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणें हा गुन्हा ठरविला आहे. पण आजीनें आपल्या मनानें गोळी टाकली, तर कायदा काय करणार?)

त्या रविवारीं मी त्यांच्या घरीं गेलों. आजी अंगणांत पाय लांब करून बसल्या होत्या. सारें ऐकून घेतल्यावर त्यांनीं एवढेंच विचारलें, "मग गुरुजी, प्रार्थना सोडूं म्हणतां?"

"सोडूं नका, आजी. प्रार्थना करा, आणि मग डॉक्टरांनीं सांगितलेली गोळी घ्या."

दिवाळीच्या सुटीनंतर मुलानें नवी प्रत आणली. युद्ध तसेंच आहे. परंतु आतां सैतान आजीच्या कानांत कुजबुजतो, कीं विश्वास असेल तर गोळीची गरज काय? आणि देवदूत कांहींच बोलत नाहीं. नातू पाण्याचा पेला भरून आणतो, तेव्हां दार तेवढें उघडून धरतो. आजींची जखम अजून भरलेली नाहीं. दर शनिवारीं मुलगा त्यांना मलमपट्टीसाठीं दवाखान्यांत घेऊन जातो. गोष्ट याच अंकांत पुढें छापली आहे.