संगणकाचें बिऱ्हाड बदलतांना

इ. स. २०२० च्या जून महिन्यांत शाळा एकाएकीं घरांत येऊन बसली, त्या वेळीं आमच्या जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबांनीं कोठून तरी एक जुना संगणक पैदा केला. कोणास तो मुंबईच्या चाकरमानी काकांनीं पाठविला, कोणी बाजारांतून वापरलेला विकत घेतला. अशा यंत्रांपैकीं कांहींवर एखाद्या जाणत्या शेजाऱ्यानें 'उबुंटू' नांवाची मुक्त प्रणाली घालून दिली. कारण तिला दाम पडत नाहीं व जुन्या यंत्रावरहि ती बऱ्यापैकीं चालते. त्या सालीं निघालेल्या उबुंटूच्या २०.०४ या आवृत्तीची सर्वसाधारण देखभाल मे २०२५ मध्यें संपली. त्याच वर्षीं १४ ऑक्टोबर रोजीं 'विंडोज १०' या प्रणालीची नियमित देखभालहि थांबली. यंत्र धडधाकट, पण त्यावरील प्रणाली निराधार, अशी स्थिति अनेक घरांत झाली आहे. अशा वेळीं यंत्र भंगारांत द्यावें कीं त्यावर दुसरी प्रणाली बसवावी, आणि बसवावयाची तर आंत सांठविलेल्या मुलांच्या कामाचें काय होईल, हे प्रश्न पालक आम्हांस विचारतात. त्यांचें उत्तर थोडें विस्तारानें द्यावें या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

विद्यार्थिमित्रहो, प्रणाली म्हणजे संगणकाच्या घरांतील कारभारी. कळफलकावर बोट पडलें कीं तें अक्षर कोणत्या कार्यक्रमाकडे पोंचवावयाचें, स्मरणांतील जागा कोणास किती द्यावयाची, फाइल कोठें ठेवावयाची, हें सर्व तीच पाहते. मुक्त प्रणालीची मूळ संहिता कोणासहि वाचतां येते, सुधारतां येते व सुधारून दुसऱ्यास देतां येते. अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं सप्टेंबर १९८३ मध्यें अशा प्रणालीचा संकल्प 'ग्नू' या नांवानें जाहीर केला. पुढें हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें, आपण केवळ छंद म्हणून एक प्रणाली लिहीत आहों, असें २५ ऑगस्ट १९९१ रोजीं जाहीर केलें. तिचा गाभा 'लिनक्स' म्हणून प्रसिद्धीस आला. या दोहोंच्या मिलाफांतून निरनिराळ्या मंडळ्यांनीं निरनिराळ्या प्रणाली सिद्ध केल्या. डेबियन ही १९९३ सालची. उबुंटू तिच्यापासून २००४ मध्यें निघाली. लिनक्स मिंट त्याहून धाकटी. फेडोरा निराळ्या कुळांतली. आपल्या देशांतहि, पुण्यास मुख्य कचेरी असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनें जानेवारी २००७ मध्यें डेबियनच्याच पायावर 'बॉस' ही प्रणाली काढली. 'भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स' या शब्दांच्या आद्याक्षरांचा तो संक्षेप आहे. प्रथम ऐकतांना मुलांस हंसूं येतें खरें!

या बहुतेक प्रणालींचा गाभा एकच असल्यामुळें एकीवरून दुसरीवर जाणें म्हणजे नवें घर बांधणें नव्हे, बिऱ्हाड बदलणें होय. बिऱ्हाड बदलतांना आपण भिंती उचलून नेत नाहीं. ट्रंका, भांडीं व पोथ्या नेतों. तसेंच येथें. तुमचे निबंध, छायाचित्रें, आजोबांच्या आवाजाचें मुद्रण, हें सर्व तुमच्या नांवाच्या एका कप्प्यांत असतें व तें नेतां येतें. कार्यक्रम मात्र मागें राहतात, कारण प्रत्येक प्रणालीचें कोठार वेगळें. डेबियन, उबुंटू, मिंट व बॉस यांचीं गांठोडीं एका पद्धतीनें बांधलेलीं असतात, फेडोराचीं दुसऱ्या. एकाचें गांठोडें दुसरीकडे सरळ उलगडत नाहीं. परंतु लिब्रेऑफिस व फायरफॉक्स हे आपल्या नित्याच्या उपयोगाचे कार्यक्रम सर्वच कोठारांत मिळतात. लिब्रेऑफिस ज्या रूपांत निबंध सांठवितें, त्या रूपास २००६ सालापासून आंतरराष्ट्रीय प्रमाणाची मान्यता आहे. म्हणून डेबियनवर लिहिलेला निबंध फेडोरावर उघडेल कीं नाहीं, ही धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं.

आतां एक गोष्ट स्पष्ट बोललें पाहिजे. वरच्या वर्गांतील कांहीं मुलांस दर पंधरवड्यास नवी प्रणाली बसविण्याचें खूळ लागलेलें दिसतें. विचारलें तर उत्तर येतें कीं, नवीचें रूप अधिक देखणें आहे. अरे, रूप म्हणजे प्रणाली नव्हे! पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या, पट्ट्या व चित्रें हा एक स्वतंत्र कार्यक्रमसमूह असतो. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई हीं त्यांचीं नांवें. जुनी प्रणाली जागच्या जागीं ठेवून ह्यांतील दुसरा समूह बसवितां येतो, आणि प्रवेश करतेवेळीं हवा तो निवडतां येतो. खिडकीचा पडदा आवडला नाहीं म्हणून कोणी चाळ सोडून जात नाहीं. हीच युक्ति जुन्या यंत्रासहि लागू पडते. ज्या यंत्रांत चारच जीबी स्मरण आहे, तेथें ग्नोम जड जातें व एक्सएफसीई हलकें. त्यामुळें कित्येकदां निव्वळ एवढ्या बदलानें यंत्र पुन्हा हुशारीनें चालूं लागतें.

बदलण्यास खरीं कारणें दोनतीनच. पहिलें, देखभाल संपणें. देखभाल संपलेली प्रणाली बंद पडत नाहीं. पण तिच्यांत सांपडणारीं नवीं छिद्रें कोणी बुजवीत नाहीं, आणि ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर ती ठेवणें शहाणपणाचें नव्हे. फेडोराच्या एका आवृत्तीस सुमारें तेरा महिनेच देखभाल मिळते. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीस पांच वर्षें. ज्या घरीं संगणक हें साधन आहे, छंद नव्हे, तेथें दीर्घ मुदतीचीच निवड करावी असें आमचें मत आहे. दुसरें कारण यंत्राचें वय. फार जुनीं यंत्रें बत्तीस बिटांचीं असतात. ९ ऑगस्ट २०२५ रोजीं निघालेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर ती नव्यानें बसविण्याची सोय राहिलेली नाहीं; उबुंटूनें तर ती वाट पूर्वींच बंद केली. तिसरें कारण शाळेची किंवा कामाची गरज. केरळ राज्यानें आपल्या सरकारी व अनुदानित शाळांत मुक्त प्रणाली स्वीकारली. आरंभीं ती डेबियनवर आधारलेली होती, पुढें उबुंटूवर. हजारों शाळांनीं बिऱ्हाड बदललें, तरी मुलांच्या हातचे कार्यक्रम बहुतांशीं तेच राहिले, म्हणून अभ्यास अडला नाहीं. जाणत्या मुलांकडून फ्रीबीएसडीचेंहि नांव निघतें. तीहि मुक्त आहे, परंतु तिचा गाभा लिनक्स नसून कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठाच्या परंपरेंतला आहे. अभ्यासास ती उत्तम. घरच्या एकुलत्या एका संगणकावर ती बसवूं नये.

एका अडचणीचा उलगडा पुष्कळांस होत नाहीं, म्हणून तो येथें करतों. एकाच संगणकावर ताई व दादा दोघेहि काम करीत असतात. नवी प्रणाली बसते, आणि ताईच्या फाइली तिलाच उघडतां येत नाहींत; दादाच्या नांवावर गेलेल्या दिसतात. याचें कारण हजेरीपटासारखें आहे. प्रणाली माणसांस नांवानें ओळखीत नाहीं, क्रमांकानें ओळखते. पहिल्या नोंदलेल्या माणसास बहुधा १००० हा क्रमांक मिळतो, दुसऱ्यास १००१. जुन्या प्रणालींत ताई प्रथम नोंदली असेल व नव्या प्रणालींत दादा, तर १००० क्रमांकाच्या सर्व वस्तू दादाच्या ठरतात. वस्तू हरवलेल्या नसतात, फक्त धनी बदललेला असतो. म्हणून जुना कप्पा तसाच ठेवावयाचा असल्यास नव्या ठिकाणीं नांवें त्याच क्रमानें नोंदावीं. फेडोरांत २०११ पर्यंत ही मोजणी ५०० पासून सुरू होत असे, तेव्हां फार जुनी तबकडी जोडतांना हेंहि ध्यानांत ठेवावें.

आतां मराठीविषयीं. आमच्या दृष्टीनें हा या लेखांतील सर्वांत महत्त्वाचा भाग होय. प्रणाली इंग्रजी मजकूर दाखविते म्हणून ती मराठीहि नीट दाखवील असें समजूं नये. रत्नागिरीच्या एका अंगास दर्या आहे व दुसऱ्या अंगास सह्याद्रीच्या दऱ्या आहेत. या दोन शब्दांतला भेद जी प्रणाली दाखवूं शकत नाहीं, ती मराठी घराच्या उपयोगाची नाहीं. पहिल्यांत 'र' चा रफार होतो, दुसऱ्यांत तो आडवा, पापणीसारखा लिहावा लागतो. यूनिकोडमध्यें त्यासाठीं नुक्ता असलेल्या 'ऱ' ची योजना आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे, मग डी, मग यू दाबलें म्हणजे बिऱ्हाडांतील जोडाक्षर उमटतें. तसेंच 'ॲ' हें अक्षर यूनिकोडमध्यें २००८ सालीं आलें. फार जुन्या टंकसंचांत त्याच्या जागीं रिकामी चौकट दिसते. लहान असतांना अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम शिकलेल्या जावजी दादाजी यांनीं १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्याच्या देवनागरी अक्षरांच्या सुबकपणाची ख्याति सर्व देशभर झाली. तेव्हां अक्षराच्या वळणाविषयीं आग्रह धरणें हें आपल्याकडे नवें नाहीं.

कळफलकाची इन्स्क्रिप्ट ही रचना १९८६ सालीं प्रमाण ठरली, आणि ती विंडोजवर व सर्व प्रमुख लिनक्स प्रणालींवर एकसारखी मिळते. जो मुलगा ती शिकला त्याची बोटें कोणत्याहि बिऱ्हाडीं अडखळणार नाहींत. ज्यांनीं पूर्वीं विशिष्ट टंकसंचावर अवलंबून मजकूर लिहिला आहे, त्यांनीं मात्र सावध असावें. त्या मजकुरांत खरीं मराठी अक्षरें नसतातच. इंग्रजी अक्षरांवर मराठीचा मुखवटा चढविलेला असतो. नव्या प्रणालींत तो टंकसंच नसला कीं मुखवटा गळून पडतो, आणि आईच्या पाककृतींच्या वहीचें अर्थहीन चिन्हांचें रान होतें. असा मजकूर जुन्या घरीं असतांनाच यूनिकोडमध्यें रूपांतरित करून घ्यावा. निदान पीडीएफ तरी काढून ठेवावा. मोडींतून बाळबोधींत येतांना किती दप्तरें वाचणाऱ्यावांचून पडून राहिलीं, हें आपणांस ठाऊकच आहे.

प्रत्यक्ष बदलापूर्वीं नवी प्रणाली पेनड्राइव्हवर घ्यावी व तीवरूनच संगणक सुरू करावा. या रीतीनें आंतील तबकडीला हात न लावतां सर्व करून पाहतां येतें. एके काळीं उबुंटूच्या तबकड्या टपालानें फुकट येत. ती सोय २०११ मध्यें बंद झाली. आतां कांहीं जीबी उतरवून घ्यावे लागतात, तेव्हां गांवीं जाळें क्षीण असल्यास शहरांतील एखाद्या मित्राकडून पेनड्राइव्ह करून आणावा. सुरू झाल्यावर वायफाय लागतो काय, आवाज येतो काय, छपाईयंत्र ओळखलें जातें काय, आणि 'दर्या, दऱ्या, बिऱ्हाड, ॲ' एवढे शब्द नीट दिसतात काय, हें पाहावें. यांपैकीं एकहि अडलें तर दुसरी प्रणाली पाहावी. अजून कांहींच बिघडलेलें नसतें.

मग फाइलींची एक प्रत बाहेरील तबकडीवर घ्यावी, आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडून पाहिलेली प्रत म्हणजे न मोजलेले पैसे. कप्प्यांतील ज्या गुप्त फाइलींचीं नांवें टिंबानें सुरू होतात, त्यांत जुन्या कार्यक्रमांच्या संवयी असतात. त्या सरसकट नेल्यास नवी प्रणाली कधीं कधीं गोंधळते, म्हणून निबंध, चित्रें व ध्वनि एवढेंच न्यावें. बसवितांना 'संपूर्ण तबकडी पुसा' अशा अर्थाचा एक पर्याय समोर येतो व तोच सर्वांत सोपा दिसतो. घरचा कप्पा स्वतंत्र विभागांत असेल तर तो पर्याय निवडूं नये. विभाग स्वहस्तें निवडून, 'होम' विभागापुढील पुसण्याची खूण काढून टाकावी. येथें घाई केल्यामुळें वर्षांचें काम क्षणांत जातें.

विजेचाहि विचार करावा. तबकडीचे विभाग लहानमोठे होत असतां वीज गेली तर मजकूर हातचा जाण्याचा संभव असतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यांत ती केव्हां जाईल याचा नेम नसतो. कोळी बांधव होडी किनाऱ्यावर ओढून तिची डागडुजी करतात ती समुद्र बंद असतांना. संगणकासहि असाच मोकळा काळ पाहावा. दिवाळीची सुटी सर्वांत बरी. दहावीच्या परीक्षेच्या अगोदरचे दोन महिने तर वर्ज्यच समजावे. मांडीवरचा संगणक असेल तर बॅटरी पुरी भरून, मेजावरचा असेल तर यूपीएस जोडून काम सुरू करावें.

नव्या प्रणालीवर एक महिना काम झाल्याशिवाय बाहेरील तबकडीवरची प्रत पुसूं नये. राहिलेली एखादी वस्तु बहुधा तिसऱ्या आठवड्यांत आठवते! ज्या विद्यार्थ्यांस प्रथम आमच्यासमक्ष करून पाहावयाचें असेल, त्यांनीं किमान आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह व घरच्या वडील माणसांची परवानगी घेऊन कोणत्याहि शनिवारीं शाळा सुटल्यावर संगणकवर्गांत यावें. पालक बरोबर आल्यास अधिक चांगलें.