सहा गुणांचं उत्तर

सालमिया, कुवेत

चि. मृण्मयी,


ॲक्च्युअरीच्या परीक्षेतल्या सीपी-१ चा तुझा सराव पेपर पाहिला. अभ्यास झालाय, यात शंका नाही. गुण मात्र पडणार नाहीत. एकाच उत्तरावरून दाखवतो.

प्रश्न असा होता: कुवेतमधली कंपनी कामगार कायद्याप्रमाणे नोकरी संपताना इंडेम्निटी देते, तर मालकापुढच्या जोखमी सुचवा. गुण ६. तू अख्खं पान व्याख्येत आणि मूल्यांकनाच्या पद्धतीत घालवलंस. ते विचारलं होतं कुणी? जोखमी आल्या त्या दुसऱ्या पानावर, आणि त्याही ‘पगारवाढ, व्याजदर, गळती’ अशा नुसत्या नावांनी. हे उत्तर कुठल्याही देशातल्या कुठल्याही योजनेला चालेल, म्हणूनच ते इथे चालत नाही.

आता कायदा बघ, २०१० चा सहावा. महिन्याच्या पगारदाराला पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षी १५ दिवसांचा पगार, पुढे वर्षाला महिन्याचा, एकूण दीड वर्षाच्या पगारापर्यंत. स्वतः राजीनामा दिला तर ३ वर्षांच्या आत काहीच नाही, ५ पर्यंत निम्मे, १० पर्यंत दोन तृतीयांश, त्यानंतर पूर्ण. आता साडेनऊ वर्षं झालेला माणूस काय करेल? साहेबाची बोलणी खाईल, पण दहा वर्षं उलटल्याशिवाय राजीनामा देणार नाही. इथे हा हिशेब ड्रायव्हरपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतो. तू गळतीचा दर सपाट धरलास तर देणं कमी दिसेल. झाला एक मुद्दा, आणि तो फक्त या प्रश्नाचाच.

तसंच पुढे. रक्कम शेवटच्या पगारावर निघते, म्हणून उशिरा मिळालेली बढती मागच्या सगळ्या वर्षांचं देणं फुगवते. कंत्राट संपून मालकानेच माणसं कमी केली तर राजीनाम्याची कपात लागत नाही. पैसा बाजूला काढलेला नसेल तर ऐनवेळी रोकड आणायची कुठून? दिनारमधले लांब मुदतीचे रोखे पुरेसे नाहीत, म्हणून देण्याचं आजचं मूल्य काढायचा दर डॉलरच्या रोख्यांवरून ठरवायचा, आणि दिनार तर २००७ पासून चलनांच्या टोपलीला बांधलेला, एकट्या डॉलरला नाही. तिथेही घोळ होऊ शकतो.

गुण बहुधा अर्ध्या-अर्ध्याने मिळतात. तेव्हा ६ गुणांना बारा-पंधरा वेगळे मुद्दे पुरेत, आणि प्रत्येकात ‘त्यामुळे काय’ हवं. एकच मुद्दा तीन तऱ्हांनी सांगू नकोस. ही खोड आपल्या मराठी शाळांची, पानं भरली की बाई खूश. ‘यादी द्या’ला स्पष्टीकरण नको, ‘चर्चा करा’ला दोन्ही बाजू हव्यात. गुणाला जेमतेम दोन मिनिटं मिळतात.

दुसऱ्या पेपरचं, सीएम-१ चं, सांगत बसत नाही, तिथे पायऱ्या मांड म्हणजे झालं. इन्स्टिट्यूटची इंडिकेटिव्ह सोल्युशन्स मात्र आपलं उत्तर लिहून झाल्यावरच उघड. आधी वाचली की सगळंच येतंय असं वाटतं.

याच प्रश्नाचा पुढचा भाग देतो: या जोखमी कमी करायला मालकाने काय करावं, चर्चा करा, गुण ८. सोळा मिनिटांत लिही आणि हात न लावता तसंच पाठव. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा